खालचा डावा कोपरा

नाडकर्णी सर चहाचा कप तोंडाला लावण्याआधी उजेडाकडे धरून बघायचे. स्वतःच्या घरी, दुसऱ्याच्या घरी, हॉटेलात, कुठेही. कडेला टवका दिसला की कप तसाच खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "नापास." चहा देणारीचा चेहरा उतरेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहायचे. तो उतरला की मग खिडकीबाहेर बघायला मोकळे.

काचेच्या सिरिंजा बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात तपासनीस म्हणून काढली होती. समोर दिवा, हातात सिरिंज. काचेत बुडबुडा दिसला, रेघ दिसली, की ती बाजूच्या पिंपात टाकायची. "पिंपात पडली की फुटते," ते सांगायचे. "पहिले काही दिवस तो आवाज नको वाटतो. मग तो ऐकू आला नाही तर दिवस वाया गेल्यासारखं वाटतं."

भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून असलेल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते सातव्या मजल्यावर राहायचे आणि आम्ही तिसऱ्या. मी एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे. एकदा गच्चीवरून मोबाईलवर मृग नक्षत्राचा फोटो काढला होता, तो मोठ्या हौसेनं मी त्यांना लिफ्टमध्ये दाखवला.

"काका, बघा ना, गच्चीवरून काढलाय."

त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"पहिली गोष्ट, मी तुमच्या वडिलांचा भाऊ नाही. दुसरी गोष्ट, हे मृग नक्षत्र नाही, हा हललेला हात आहे." लिफ्ट सातव्यावर आली. बाहेर पडता पडता म्हणाले, "उद्या सात वाजता गच्चीवर या. तोंडाला पावडर लावून येऊ नका, काचेवर बसते."

मी गेले. पुढची सहा-सात वर्षं जात राहिले. का, असं मला नवऱ्यानं अनेकदा विचारलं. त्यांच्यासारखं शिकवणारा माणूस मी पाहिला नव्हता, एवढंच त्याचं उत्तर. ते तुमची चूक तुमच्याआधी ओळखायचे. अपमान करायचे, पण तो केल्यावर ती चूक पुन्हा म्हणून होत नसे.

मरणाऱ्या ताऱ्यांचे फोटो काढणं हा त्यांचा एकमेव नाद. आकाशातलं बाकी काही त्यांना खपत नसे. शनीची कडी, धूमकेतू, ग्रहणं या सगळ्याला ते "वरातीतली रोषणाई" म्हणायचे. त्यांना हवे असत ते फक्त ग्रहीय तेजोमेघ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "नाव ग्रहीय, पण ग्रहाशी काडीचा संबंध नाही. जुन्या लोकांना लहान दुर्बिणीतून गोल, हिरवट ठिपका दिसला, ग्रहासारखा वाटला, नाव ठेवून मोकळे झाले. खरं म्हणजे म्हातारा झालेला तारा मरताना अंगावरचं सगळं बाहेर टाकतो. मध्ये निखारा उरतो आणि टाकलेला वायू भोवती चमकत राहतो. मढं आहे, पण देखणं आहे. माणसाचं तसं नसतं."

आमच्याकडचं आकाश कसं असतं ते सांगायला नको. काशीगावाच्या बाजूला लग्नाच्या हॉलचे झोत फिरत असतात, हायवेचे दिवे, नव्या टॉवरांवरचे दिवे. रात्री वर बघितलं तर दुधात चहा सांडल्यासारखा रंग. असल्या आकाशातून इतकी फिकट वस्तू टिपायची म्हणजे कॅमेऱ्यापुढे अशी काच लावायची की जी फक्त हायड्रोजनचा किंवा फक्त ऑक्सिजनचा उजेड आत सोडेल आणि बाकी सगळा अडवेल. मग पाच-पाच मिनिटांचे फोटो घेत राहायचे, असे शेकडो. दुर्बिणीखालच्या मोटरनं तारा धरून ठेवायचा. कोणी गच्चीवर चाललं तरी ताऱ्याची रेघ होते. नंतर हे सगळे फोटो एकावर एक रचले की त्यातून हळूहळू ते मढं वर येतं.

त्याआधी खराब फोटो निवडून टाकावे लागतात. ते काम शैलाकाकू करायच्या.

शैलाकाकू म्हणजे सरांची बायको. त्यांना काकू म्हटलेलं चालायचं. त्या घरी साड्यांना फॉल-पिको करायच्या आणि रफू करायच्या. त्यांचं रफू इतकं बेमालूम, की मीरा रोडहून बायका रिक्षा करून शालू घेऊन यायच्या. उसवलेल्या जागी त्या पदर खिडकीत धरायच्या आणि म्हणायच्या, "हा धागा लाल नाहीये, लालात जरासा तपकिरी आहे." आपल्याला दोन्ही सारखेच दिसायचे. तीच नजर लॅपटॉपवर. चारशे फोटो एकामागून एक डोळ्यांखालून घालायच्या. "यात विमान गेलंय. यात ढग आलाय, अगदी पातळ. यात वारा होता." नंतर मी सॉफ्टवेअरमधून मोजून बघायची. काकूंचं क्वचितच चुकायचं.

सर याला "हिचं तांदूळ निवडणं" म्हणायचे. काकू हसायच्या. मला वाटायचं, हे त्यांचं लाडाचं बोलणं असेल. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसांचं आपल्याला काय कळतं.

दुसऱ्यांच्या बाबतीत मात्र शंकेला जागाच नसे. नया नगरमधले इरफानभाई एसी दुरुस्त करायचे. सरांचा एसी दुरुस्त करायला आले, दुर्बीण बघितली आणि वेडेच झाले. इंटरनेटवर बघून बघून त्यांनी स्वतः आरसा घासला. दुर्बिणीचा आरसा घरी घासणं म्हणजे काचेवर काच महिनोन्महिने फिरवत राहणं. दिवसभर लोकांच्या खिडक्यांवर लोंबकळून आल्यावर हा माणूस रोज दोन तास ते करायचा. आठ महिन्यांनी एका रविवारी तो आरसा मुलीच्या ओढणीत गुंडाळून त्यांनी आणला. दर रविवारी सरांकडे जमणारे आम्ही चार-पाच हौशी तिथे होतोच.

सरांनी आरसा भिंतीशी टेकवला, समोर छोटा दिवा लावला आणि दाढीच्या पात्याची कड आडवी धरून त्याचा उतार तपासला. आरशाची खोट अशीच कळते.

"कड उतरली आहे," सर म्हणाले. मग इरफानभाईंना समजावं म्हणून हिंदीत, "किनारा गिर गया है. पूरा गोल."

"ठीक हो सकता है, सर?"

"हो सकता है ना. बाथरूम में लगाओ. दाढी अच्छी दिखेगी."

एक-दोघं हसले. इरफानभाईही हसले. त्यांनी ओढणीची चारही टोकं नीट जुळवली, गाठ मारली आणि काकूंना "चाय के लिए शुक्रिया, भाभी" म्हणून निघून गेले. काकू दारापर्यंत गेल्या, त्यांच्याशी काहीतरी बोलल्या. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं. म्हटलं, पुन्हा घासा. उसवलेलं परत विणता येतं."

ते कड उतरल्याचं निदान बरोबर होतं. तेच वाईट होतं. सर खोटं बोलून कोणाला दुखवत नसत. खरं कुठे खुपसलं की जास्त लागेल, हे त्यांना कळायचं.

तीन वर्षं ते डंबेल नावाच्या एकाच तेजोमेघामागे होते. जंबुक नावाच्या लहानशा तारकासमूहात तो आहे. त्याचा मधला भाग कोणालाही टिपता येतो; सरांना हवं होतं त्याच्या भोवतीचं फार मोठं, फार फिकट वलय. आमच्या गच्चीवरून ते येईना. म्हणून पावसाळा संपला की आम्ही उत्तनला जायचो. तिथे पश्चिमेला नुसता समुद्र, उजेड कमी. आग्नेसबाय नावाच्या एका म्हाताऱ्या कॅथलिक बाईची गच्ची सरांना मिळाली होती. गाडी भाड्यानं घ्यायची, दुर्बिणीची पेटी सरांच्या मांडीवर, मी पुढे, काकू मागे बॅटरीशेजारी अंग चोरून. तिथे पोचलं की काकूंनी खाली आग्नेसबायच्या पडवीत बसायचं, कारण गच्चीवर जितकी पावलं कमी तितकं बरं.

आग्नेसबायला हे पटायचं नाही. एकदा तिनं जिन्यातूनच ओरडून विचारलं, "सायेब, तुमची बाय खाली कवापासून एकटी बसलीय. ती काय मानूस न्हाय?"

"माणूस आहे म्हणूनच खाली बसवलीय," सर वरून म्हणाले. "माणसं हलतात."

तिसऱ्या वर्षी सगळं जुळून आलं. आकाश कोरडं, वारा पडलेला. सात संध्याकाळींचे फोटो जमले. काकूंनी ते निवडले, सरांनी रचले, आणि एका रविवारी सकाळी आम्हा सहा-सात जणांना त्यांनी घरी बोलावलं. काकूंनी कांदेपोहे केले होते. टीव्हीला लॅपटॉप जोडून सरांनी चित्र लावलं. मध्ये डंबेल, निळसर-तांबडा. भोवती धुराच्या पापुद्र्यासारखं ते वलय, जे भाईंदरच्या माणसानं टिपलंय यावर विश्वास बसू नये. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सर टीव्हीशेजारी उभे होते. त्या दिवशी ते खूश होते. मी त्यांना तसं दोनदाच पाहिलंय.

काकू स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "तो खालचा डावा कोपरा जरा मोठा करा ना. मी परवापासून बघतेय. तिथे एक गोल आहे. ऑक्सिजनच्या फोटोत दिसतो, हायड्रोजनच्यात नाही."

सरांनी कोपरा मोठा केला. नीट बघितलं तर होतं काहीतरी. ओल्या भांड्याचा ओट्यावर उमटतो तसा, अर्धवट पुसलेला गोल.

"धूळ," सर म्हणाले.

आता हे समजून घ्यायला हवं. कॅमेऱ्यापुढच्या काचेवर कण बसला की फोटोत त्याचा गोल डाग येतो. तो काढायला संध्याकाळी दुर्बिणीच्या तोंडाला पांढरं कापड बांधून वेगळे कोरे फोटो घेतात आणि त्यावरून डाग वजा करतात. मधल्या काळात कण हलला तर वजाबाकी चुकते आणि नसलेला गोल उमटतो. तेव्हा सर म्हणत होते ते अशक्य नव्हतं.

"पण धूळ असती तर दोन्हीच्यात—" काकू म्हणाल्या.

"दोन्ही काचा वेगळ्या असतात. एकीवर धूळ बसते, दुसरीवर बसत नाही." सर आमच्याकडे वळले. "झालंय काय माहितेय? हिच्या हातात कायम फडका. तिथेही मारला असेल." मग काकूंकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "नाही, पण सांग ना. तू शोध लावलायस. नाव काय ठेवायचं? शैला-एक? पुढच्या रविवारी पुसायला घेतलंस की शैला-दोन."

सगळे हसले. मीही हसले. लॅबमध्ये बारा वर्षं काम करणारी, त्या डागात काहीतरी आहे असं क्षणभर वाटलेली मी, सगळ्यांबरोबर मोठ्यानं हसले. काकू पोह्यांच्या बश्या गोळा करायला लागल्या.

"आणि तो फडका आण गं," सर म्हणाले. "टीव्हीवरून एकदा फिरव. जातो का बघू डाग."

मला वाटलं, हे बोलणं झालं, संपलं. पण ते थांबून राहिले, टीव्हीकडे हात करून. काकूंनी बश्या खाली ठेवल्या, आतून फडका आणला आणि सगळ्यांसमोर टीव्हीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावरून फिरवला. या वेळी हसू जरा कमी आलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी चित्राची खालची बाजू कापून टाकली, मग ते छापून घेतलं आणि हॉलमध्ये लावलं. लॅपटॉपला पासवर्ड घातला. त्यानंतर फोटो निवडायचं काम माझ्याकडे आलं.

मी एकदा विचारून पाहिलं. कारण ही परीक्षा फार सोपी असते आणि ती मला त्यांनीच शिकवली होती. कॅमेरा काटकोनात फिरवून पुन्हा फोटो घ्यायचा. धूळ असेल तर डाग कॅमेऱ्याबरोबर फिरतो. आकाशातलं काही असेल तर ते आपल्या ताऱ्यांजवळच राहतं.

"सर, एकदा कॅमेरा फिरवून बघायचं का? खात्री होईल."

"धुळीसाठी मी उत्तनला जाऊ?" ते म्हणाले. विषय संपला.

दोन वर्षांनी आमच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर एक बातमी आली. कुठल्याशा परदेशातल्या एका दंतवैद्यानं घरामागच्या अंगणातून एक नवा ग्रहीय तेजोमेघ शोधला होता, फक्त ऑक्सिजनच्या उजेडात दिसणारा. जागा डंबेलच्या जवळ. फोटोतला तो अर्धवट पुसलेला गोल मी ओळखला. त्या रविवारी पोहे खाल्लेले सगळे त्या ग्रुपवर होते. कोणी अवाक्षर काढलं नाही. कोणीतरी अभिनंदनाचा अंगठा टाकला, मग सगळ्यांनी टाकला. सरांनीही.

"सर, हा काकूंचा..." मी जिन्यात म्हणाले.

"जवळपास असेल. आपली धूळ होती."

काकू ग्रुपवर नव्हत्या. त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

त्यानंतर सरांचे डोळे जायला लागले. डोळ्याच्या पडद्याचा विकार. यात मधलं दिसणं जातं आणि कडा राहतात. त्यांना दाराची चौकट दिसायची, दारात उभा माणूस दिसायचा नाही. उजेड कळायचा, कशाचा ते कळायचं नाही. इंजेक्शनं झाली, डॉक्टर बदलले. वर्षभरात त्यांना अक्षर वाचता येईना.

तेव्हा काकूंनी जे केलं ते मी पाहिलंय. सकाळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर वाचून दाखवायच्या. ताट वाढलं की सांगायच्या, "भाजी उजवीकडे, चटणी वर, वाटीत आमटी आहे, गरम आहे." संध्याकाळी बाल्कनीत उभं करून आकाश सांगायच्या. "पश्चिमेला शुक्र आलाय. डावीकडे लांब ढगाची पट्टी आहे, खालून गुलाबी." त्यावरही सरांचं "शुक्र नसेल, विमान असेल. नीट बघ." काकू नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "शुक्रच आहे हो."

एक दिवस सरांनी मला बोलावून हार्ड डिस्क दिली. डंबेलच्या वलयावर त्यांना पुन्हा काम करून हवं होतं. "डंबेल नावाचा फोल्डर आहे. तेवढाच उघडायचा." त्यांनी असं सांगितलं नसतं, तर बहुतेक मी बाकीचे उघडलेही नसते.

त्याच्या खालीच एक फोल्डर होता. नाव नव्हतं, नुसती तारीख, त्या रविवारनंतर सतराव्या दिवसाची. आत ऑक्सिजनचे चाळीस फोटो. चौकट काटकोनात फिरवलेली होती. सर एकटेच उत्तनला जाऊन आले होते. मी ते फोटो रचले. चौकटीत तारे फिरलेले दिसत होते आणि धुळीसारखा जागेवर न राहता त्यांच्याबरोबर तो गोलही फिरला होता. आपल्या ताऱ्यांजवळ, जिथे असायला हवा तिथेच होता. फोल्डरमध्ये सरांनी स्वतः रचलेलं चित्रही होतं, आणि त्यावर त्यांनी गोलाभोवती एक बारीक चौकोन काढून ठेवला होता.

म्हणजे सतराव्या दिवशी त्यांना माहीत झालं होतं. दंतवैद्याच्या दोन वर्षं आधी.

मी वर गेले. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. सर खुर्चीत बसले होते, मान थोडी तिरकी करून, कडेच्या नजरेनं माझा आकार शोधत.

"सर, मी दुसरा फोल्डर उघडला."

त्यांनी खुर्चीच्या हातावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "गोल किती स्पष्ट आला?"

"बराच."

"हं. त्या दिवशी हवा चांगली होती."

"तुम्ही काकूंना सांगितलं का नाही? कळवलं का नाही कुठे? त्यांच्या नावावर..."

"तिनं शोधला नव्हता. तिला दिसला. दोन्हींत फरक आहे."

"मग तुमच्या नावानं कळवायचं."

"ते खोटं झालं असतं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच दुखावल्याचा सूर होता. "मी खोटं बोलत नाही. परक्या माणसाला मिळाला ते बरं झालं. घरात राहिला असता तर रोज तिच्या तोंडावर बघावा लागला असता."

मी खाली आले. सांगावं की नाही, हा प्रश्न होता. सांगितलं तर काकूंच्या हातात काय पडणार होतं? नाव गेलेलंच होतं, वर्षं गेली होती, आणि तो माणूस आता त्यांच्या हातावर जगत होता. तरीही मी सांगितलं. त्या रविवारी मी हसले होते, हे त्यामागचं कारण असावं. ते मला माझ्यावरून काढून टाकायचं होतं. काकूंच्या भल्याचं मी किती पाहिलं, ते आजही मला ठाऊक नाही.

त्या मशीनवर बसून साडीचा काठ शिवत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी पाय थांबवला.

"त्यांना माहीत होतं?"

"सतराव्या दिवशी."

"फिरवून बघितलं त्यांनी?"

"हो."

"आणि खरा होता."

"हो, काकू."

त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं आणि काठ पुरा केला. मग म्हणाल्या, "मला तो एकदा बघायचाय. त्यांच्या फोटोतला नको."

माझ्याकडे दुर्बीण नव्हती. मी इरफानभाईंना फोन केला. त्यांनी तोच आरसा पहिल्यापासून पुन्हा घासला होता आणि त्याची दुर्बीण केली होती. आता नया नगरच्या गच्चीवर शुक्रवारी बघणाऱ्यांची रांग लागायची. ऑक्टोबरात आम्ही तिघं चार वेगवेगळ्या संध्याकाळी उत्तनला गेलो. काकू गच्चीवर बसल्या, खाली नाही. आग्नेसबाय सुक्या बोंबलांची टोपली बाजूला सारून स्वतः खुर्ची घेऊन वर आली.

इरफानभाईंनी चित्र रचून स्क्रीनवर लावलं. त्यांचा आरसा चांगला होता. सरांच्यापेक्षाही चांगला गोल आला होता.

काकू वाकून बघत राहिल्या. "एका बाजूला जाड आहे," त्या म्हणाल्या. "वरच्या बाजूला विरलंय. जुनं कापड विरतं तसं."

"प्रिंट निकाल दूं, भाभी? बडा वाला?"

"नको इरफानभाई. लावू कुठे?"

येताना गाडीत त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं होतं, रडतील. मोकळ्या होतील. आपल्याला दुसऱ्याच्या दुःखाचा शेवट असाच हवा असतो.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा सर जेवायला बसले होते. काकूंनी ताट वाढलं, समोर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसून स्वतः जेवायला लागल्या. सर वाट बघत होते.

"काय काय आहे?" त्यांनी विचारलं.

"जेवा ना."

"भाजी कुठेय?"

"आता मला काय कळतंय," काकू अगदी मऊ आवाजात म्हणाल्या.

सरांनी हात पुढे नेला. बोटं आमटीच्या वाटीत गेली. आमटी उकळती होती. त्यांनी हात झटकला, ओरडले नाहीत. काकूंनी घास घेतला. मी उठून त्यांना पाणी दिलं, ताटातलं कुठे काय आहे ते सांगितलं. काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

त्या दिवसापासून त्यांनी सरांना काही सांगितलं नाही. औषधं वेळेवर, कपडे इस्त्रीचे, डॉक्टरकडे हात धरून. कोणी बोट ठेवावं असं काही नाही. पण पेपर बंद, बाल्कनी बंद. बाहेर कसला आवाज झाला, कोण आलं, पाऊस आहे का, काहीही विचारलं की एकच उत्तर: "मला कुठे दिसतं त्यातलं." सर सुरुवातीला चिडले. मग त्यांनी एकदा, मी समोर असताना, "चुकलं माझं" असंही म्हणून पाहिलं. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. काकू तेव्हा मोत्यांची माळ ओवत होत्या. "काय चुकलं?" त्या म्हणाल्या. "मला तर काही दिसत नाही."

मी हळूहळू जाणं कमी केलं. पुढे आम्ही काशीगावच्या बाजूला राहायला गेलो.

गेल्या हिवाळ्यात जुन्या शेजारणीला भेटायला म्हणून भाईंदरला गेले होते. परतताना बिल्डिंगजवळच्या बागेतून आले. दिवेलागण झाली होती. बाकावर सर बसले होते, बरेच वाळलेले, कानटोपी घातलेली. त्यांच्या शेजारी काकू, मांडीवर पर्स. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस मोबाईलवर क्रिकेट बघत होता. मी दहा पावलांवर थांबले.

सर त्या माणसाकडे वळले. "भाईसाब, चाँद निकला क्या?"

अमावस्या होती. परवाच आमच्याकडे सासूबाईंनी तिची तारीख बघितली होती.

"हां अंकल, निकला है," तो माणूस मोबाईलवरून मान न उचलता म्हणाला.

"कहाँ?"

"उधर," त्यानं हात कुठेतरी वर केला आणि सरांना तो दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाला, "सामने."

समोर टॉवरच्या गच्चीवर जाहिरातीचा मोठा पांढरा फलक लागलेला होता. सरांनी चेहरा तिकडे वळवला. मान तिरकी केली, एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं. कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"बरंच वर आलाय," ते म्हणाले. "आज गोल दिसतोय."

काकूंनी फलकाकडे बघितलं. मग मान वळवली तेव्हा त्यांना मी दिसले. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मला तोंड उघडता आलं असतं. दहा पावलांचं तर अंतर होतं, आणि सरांनी माझा आवाज नक्की ओळखला असता.

काकूंनी पर्सची चेन लावली आणि पुन्हा समोर बघायला लागल्या. मी बागेच्या दुसऱ्या दारानं बाहेर पडले.